कोंडीरामची खंडेनवमी

आमच्या संग्रहालयात ही गोष्ट अजूनही चुकीची सांगतात. नवीन कोणी नोकरीला लागलं की चहाच्या वेळी कोणीतरी सुरू करतं, की पूर्वी इथे एक गिरणीवाला शिपाई होता, त्याने इजिप्तच्या दगडाला देव समजून हळदीकुंकू वाहिलं. मग सगळे खो खो हसतात. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण राहते गिरगावातच. अधूनमधून संग्रहालयात डोकावते आणि हे कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. अहो, देव कुठला समजतोय तो! देव कुठला नि दगड कुठला, हे कोंडीरामला तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून एकदाच काय ते नीट सांगते. यात माझीही थोडी शोभा झाली आहे, तीही सांगते.

मी दमयंती तळपदे, तिथली टायपिस्ट. आमचं संग्रहालय म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हे. एका जुन्या व्यापाऱ्याने परदेशांतून गोळा करून आणलेल्या वस्तू, त्याच्याच बंगल्यात मांडलेल्या, आणि वर कारभार बघायला विश्वस्त मंडळ. क्युरेटर होते शरच्चंद्र नवलकर. माणूस विद्वान, पण रागीट. कपाळाची शीर उडायला लागली की आम्ही सगळे फायलींत डोकं खुपसायचो.

कोंडीराम शेलार चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला आला. त्याआधी लालबागच्या एका गिरणीत सतरा वर्षं घडीखात्यात होता. घडीखातं म्हणजे तयार कापड जिथे मोजून घड्या घालतात ते. मशीन वार वार कापड पुढे ढकलून घडी घालतं आणि माणूस उभा राहून नजर ठेवतो, कुठे तेलाचा डाग, कुठे तुटका धागा. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला, गिरणीला टाळं लागलं, आणि याचं मशीन आत नि हा बाहेर. सहा महिने कशीबशी कळ काढली, मग बायकोला आणि लेकीला पाटणकडे सासुरवाडीला धाडून दिलं. बायको यशोदा, मुलगी नलू, तेव्हा पाच वर्षांची. स्वतः माझगावला गोदीत ओझी उचलली, सणासुदीला दादरला हिंदमात्याच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. त्या दुकानदाराची आमच्या एका विश्वस्तांशी ओळख. तेवढ्या धाग्यावर हा आमच्याकडे रोजंदारीवर लागला.

त्याला बसवलं इजिप्तच्या दालनात. तिथे एका दगडाच्या पेटीची काच तडकली होती, नवी यायला वर्ष लागणार होतं. तोवर दगड उघडाच, भोवती दोरी, आणि दोरीजवळ स्टुलावर कोंडीराम. कोणी हात लावू नये म्हणून. दगड म्हणजे एका बाईच्या मूर्तीचा तुकडा. डोकं नाही, पाय नाहीत. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग, पांढरट चुनखडीचा, मांडीवर टेकलेली चार बोटं आणि अंगावर बारीक बारीक चुण्यांचं वस्त्र. तेहतीसशे वर्षांपूर्वीचा, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. लोक यायचे, डोकं नाही म्हणून नाराज व्हायचे आणि शेजारच्या ममीच्या चित्राकडे जायचे.

कोंडीराम मात्र तासन् तास त्या चुण्यांकडे बघत बसायचा. एकदा मी जाता जाता विचारलं, काय एवढं बघता हो? तर म्हणाला, बाई, एक चूण दुसरीवर चढलेली नाही, ज्यानं कुणी केलं त्यानं आधी कापड हाताळलेलं असणार. मी म्हटलं, नवलकरसाहेबांना सांगा, तुमच्या नावाने पुस्तक काढतील. तो गालात हसला. थट्टा केली तर रागवायचा नाही, एवढं खरं.

त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर लागलं होतं, कायम होण्यावर. लालबागच्या चाळीत त्याच्या मामाची खोली होती. संपात एकेक जण गावी गेला आणि खोलीत हा एकटाच उरला. मामाने सांगितलं होतं, तुझी नोकरी पक्की झाली की बायको-पोरीला आण, खोली तुझी, पण रोजंदारीवर बिऱ्हाड थाटलंस आणि पुन्हा उठवायची पाळी आली तर ते मला बघवणार नाही. मामाचंही चूक नव्हतं, दोन वर्षांत त्याने बरीच बिऱ्हाडं उठताना पाहिली होती. नवलकरांनी शब्द दिला होता की दिवाळीआधीच्या बैठकीत कोंडीरामचं नाव ठेवतो. दर सोमवारी हा माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, बैठकीची तारीख लागली का? मी वैतागायचे. पण दोन वर्षांत लेकीला जेमतेम तीनदा भेटलेला माणूस, त्याच्यावर वैतागून किती वैतागणार?

आता खंडेनवमी. गिरणगावात ज्यांचं आयुष्य गेलं नाही त्यांना ही कशी असायची ते सांगून कळायचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत मशीन पुसून लख्ख करायचं, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि प्रत्येकाने आपापल्या मशीनला हळदीकुंकू लावायचं. मालक कुणीही असो, त्या दिवशी मशीन कामगाराचं. कुंकू खोबरेलात कालवून लावायचं, म्हणजे लोखंडावर धरतं. दसऱ्याची सुट्टी झाली की परत येऊन चिंधीने पुसायचं आणि काम सुरू. सतरा वर्षं कोंडीरामने हे केलं. मग दोन दसरे काहीच नाही.

त्या वर्षी नवमीला संध्याकाळी दारं बंद झाल्यावर सगळे घाईने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी. कोंडीराम मागे राहिला. स्टूल पुसलं, दोरीचे खांब पुसले, झेंडूची दोन फुलं ठेवली, आणि खोबरेलात कालवलेल्या हळदीची आणि कुंकवाची दोन बोटं त्या दगडाच्या कडेला, खालच्या बाजूला लावली. हात जोडले आणि घरी गेला. मनाला किती बरं वाटलं म्हणून सांगू, असं नंतर मला म्हणाला.

सुट्टीनंतर सकाळी उघडायच्या आधी तो चिंधी घेऊन पुसायला गेला. पण लोखंड वेगळं आणि चुनखडी वेगळी. दगडाने तेल पिऊन टाकलं होतं. दोन बोटांचे दोन डाग पसरून तळहाताएवढे झाले होते, तांबडेलाल.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी नुकतीच पर्स ठेवत होते. चेहरा बघूनच मला वाटलं, गावाहून काहीतरी वाईट कळलंय. त्याने मला वर नेलं. मी वाकून डाग बघितले. मग रागच आला. त्याला म्हटलं, अहो, पूजाच करायची होती तर स्टुलाची करून गप्प बसायचं होतं, त्या बाईच्या वाटेला कशाला गेलात? तो खाली मान घालून उभा. दगडाखालच्या चौथऱ्यावर त्याने डागासमोर पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा ठेवला होता. मी विचारलं, हे काय? म्हणाला, घडीखात्यात डाग दिसला की किनारीला दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्याला कळतं. आणि पुसलं का नाही, तर डाग कधी घासायचा नाही, घासला की आत जातो.

आणि आता माझी शोभा. मी इकडेतिकडे बघितलं आणि त्याला म्हटलं, कोंडीराम, हा दगड आपण दोघं मिळून अर्धा फिरवू. डागाची बाजू भिंतीकडे. दोन आठवड्यांवर बैठक आली आहे, तुमचं कायमचं होऊन जाऊ दे, मग बघू. मी शिकलेली, चांगल्या घरातली, आणि हे सुचवत होते. पण मला खरंच त्याच्या बायको-पोरीचं वाईट वाटत होतं.

त्याने चौथऱ्यावरचा दोरा सरळ केला. मग म्हणाला, "बाई, डाग घडीच्या आत घालून पुढं धाडता येतो. सतरा वर्षांत मी एकदाही धाडला नाही. आता कुठं सुरू करू?"

आणि सरळ नवलकरांच्या खोलीत गेला.

पुढचं सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. नवलकरांनी दालन बंद करवलं, रंगद्रव्यांचा आणि दगडांचा जाणकार असलेल्या रमाकांत अजिंक्यांना फोन लावला आणि कोंडीरामला सांगितलं, अजिंक्य बघून जाईपर्यंत तोंड दाखवू नकोस, बैठकीत तुझ्या नावाचं काय करायचं ते मी बघतो. तेहतीसशे वर्षं टिकलेली वस्तू आपल्या दालनात दोन दिवसांत बिघडली, याचा त्यांना धक्का बसला होता. ते मी समजू शकते. पण हे संग्रहालय आहे की देऊळ, हे त्यांनी दहा वेळा विचारलं, आणि तिथून ती चुकीची गोष्ट सुटली ती सुटलीच.

जाताना कोंडीरामने माझ्याकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं. माझ्याच टेबलावर लिहिलं. बायकोला लिहिलं की इथलं काम गेलं, खंडेनवमीच्या हळदकुंकवाने माझ्या हातून वस्तू बिघडली, महिनाअखेर मीच गावाकडे येतो, तू इकडे यायची तयारी करू नको. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, एवढ्यात कशाला कळवता? म्हणाला, तिनं नलूचं शाळेतलं नाव काढायचं ठरवलंय बाई, उशीर झाला तर पोर इथलीही नाही न् तिथलीही नाही. आणि बाहेरच्या पेटीत टाकूनही आला. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

सोमवारी अजिंक्य आले. बारीक, शांत माणूस, खिशात भिंग. वाकून त्यांनी दगड बघितला, वास घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला, हे कोणी घासलंय का? नवलकर म्हणाले, नाही. "शाबास," ते म्हणाले, "घासलं असतं तर मी आल्या पावली परत गेलो असतो." मग म्हणाले, ज्याने लावलं त्याला बोलवा, मला नक्की काय काय आहे ते कळायला हवं. मी शिपायाला लालबागला पिटाळलं. तासाभरात कोंडीराम आला तो कुंकवाची पुडी, हळदीची पुडी आणि खोबरेलाची बाटली पिशवीत घेऊनच. नवलकरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण अजिंक्य खूश झाले. त्यांनी पांढऱ्या चिनी बशीत हळद घेतली, त्यात चुन्याचं पाणी टाकलं, हळद लाल झाली. म्हणाले, यातला निम्मा लाल रंग कुंकवाचा नाहीच, ही हळदच दगडातल्या चुन्यावर लाल झालीय. आणि हळद काढता येते. तेलही काढता येतं. वेळ लागेल, पण येतं.

माझा जीव तेव्हाच अर्धा भांड्यात पडला. नवलकर खुर्चीत बसले. मग कोंडीरामकडे वळून, जरा खालच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "तुला हा देव वाटला का रे?"

"न्हाई साहेब. देव कशाला? देव घरी हायेत. ज्याच्यापुढं उभं राहून पोट भरतं त्याची पूजा करायची, एवढंच मला ठाऊक. अडीच वर्षं माझ्याकडं पूजा करायला काही नव्हतं. यंदा हा दगड होता."

नवलकरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी? कोणी सांगितलं का तुला? कोंडीराम म्हणाला, कुणी न्हाई साहेब, माझं मलाच सुचलं.

पुढचे आठ दिवस अजिंक्यांनी काम केलं. कागदाचा लगदा स्पिरिटमध्ये भिजवून डागावर थापायचा, वाळू द्यायचा, वाळताना तो डाग ओढून घेतो, मग उचलायचा आणि दुसरा थापायचा. कोंडीरामला त्यांनी मदतीला मागून घेतलं. कामावर म्हणून नव्हे हं, नवलकरांनी ते बजावून सांगितलं होतं. पण लगदा किती पातळ, किती दाट, हे त्याला एकदा दाखवलं ते पुरलं. कापडावरचा तेलाचा डाग आम्ही खडूच्या लेपानं असाच काढायचो, म्हणाला. पहिला लगदा निघाला तो बिटासारखा लाल. दुसरा गुलाबी. तिसरा पिवळसर. रोज मी काहीतरी निमित्त काढून वर जायचे. कधी फाइल, कधी सही. नवलकर एकदा म्हणालेच, तळपदेबाई, तुमचा टाइपरायटर वर आणून ठेवू का?

मी कोंडीरामला म्हटलं, आता तरी दुसरं कार्ड टाका गावी. तो नको म्हणाला. कागद हातात आल्यावरच कळवीन, आधीच दोनदा आशा लावून झाली, तिसऱ्यांदा तिला नको.

शेवटचा लगदा मंगळवारी निघाला. पांढरा. अजिंक्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि भिंग कोंडीरामच्या हातात दिलं. कोंडीराम वाकला, चुण्यांमधून एकेक करून नजर फिरवली, घडीखात्यात फिरवायचा तशीच असणार, आणि म्हणाला, माल पास साहेब. अजिंक्य एवढे हसले की त्यांना खोकला लागला. नवलकरही हसले. मी तर जिन्यात जाऊन डोळे पुसले, उगाच कोणी बघायला नको.

गुरुवारी विश्वस्तांची बैठक झाली. नवलकर रागीट होते, पण कोत्या मनाचे नव्हते. सगळी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, डागही आणि डाग लपवला नाही हेही, आणि म्हणाले की उघड्या वस्तूपाशी बसवायला असा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. शुक्रवारी सकाळी कायम केल्याचं पत्र मीच टाइप केलं. एक ओळीचं पत्र, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. कोंडीरामने ते दोन्ही हातांनी घेतलं, इंग्रजीत होतं म्हणून मला वाचायला लावलं, मग परत वाचायला लावलं. घडी घालून छातीच्या खिशात ठेवलं आणि नवलकरांच्या पाया पडायला वर गेला. जाताना म्हणाला, आता कार्ड टाकतो बाई, परवापर्यंत मिळेल तिला.

तो वर गेला आणि पाचच मिनिटांत फाटकावरचा पहारेकरी आत आला. म्हणाला, एक बाई आलीय, साहेबांना भेटायचं म्हणते, हटत नाही.

मी बाहेर गेले. नऊवारी लुगडं, चेहऱ्यावर रात्रभराच्या एसटीचा शीण, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताला सातेक वर्षांची मुलगी. मी नाव विचारायच्या आधीच ओळखलं. पोरीचे डोळे अगदी बापाचे होते. मी म्हटलं, तुम्ही यशोदा ना? यायची तयारी करू नको म्हणून कळवलं होतं ना तुम्हाला?

"कळवलं होतं. म्हणूनच आले. भाड्याचे पैसे जमवण्यात दिस गेले." तिने ट्रंक खाली ठेवली. "साहेबांना सांगायचंय, ह्यांचा दोष न्हाई. मीच पत्रात लिवलं होतं, यंदा काम मिळालंय, खंडेनवमी चुकवू नका, कशाला तरी हळदकुंकू लावा. ह्यांना काढायचं तर काढा, पर ह्यांच्या नावावर ठपका नको. ठपका माझ्या नावावर लिवा."

म्हणजे त्या दिवशी नवलकरांनी विचारलं तेव्हा ज्या माणसाने हळदीकुंकवाच्या पुड्यासुद्धा स्वतः आणून दाखवल्या, तो एवढी एकच गोष्ट खोटं बोलला होता. आणि ही बाई नोकरी राहिल्याचं ऐकून नव्हे, गेल्याचं ऐकून एवढ्या लांबून आली होती. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला सांगितलं, की यशोदाबाई, कोणाच्या नावावर काही लिहायचं नाही, डाग निघाला, ते कायम झालेत, आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी, पत्र मीच टाइप केलंय.

"कायम?" तिने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती तिथेच पायरीवर बसली, नलूला जवळ ओढलं, पदराने तोंड पुसलं. जिन्यावरून कोंडीराम उतरत होता. आम्हाला बघून तो मधल्याच पायरीवर थांबला, पुढे येईना.

यशोदाने मान वर करून त्याला एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "आता मी परत न्हाई जात."